नाबोथावरचा खटला



१ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर हे दिवस जगभरची ख्रिस्तसभा सृष्टीच्या संगोपनासाठी प्रार्थनेत घालवते. १ सप्टेंबरचा प्रार्थनादिन पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली कॅथलिक ख्रिस्तसभेत सुरू केला आणि ४ ऑक्टोबर हा असिसीकर संत फ्रान्सिस यांचा सण. या दिवसांत बहुतेक धर्मग्रामांत झाडे लावली जातात, मुलांची चित्रकला स्पर्धा होते, प्लॅस्टिकविरोधी फेरी निघते. हे सगळे चांगलेच आहे, आपणही ते करतो. परंतु झाड लावणाऱ्यावर कुणी गुन्हा दाखल करीत नाही. ज्यांच्यावर या सृष्टीपायी गुन्हे दाखल झाले, जे कोर्टाच्या तारखा मोजत बसले, ज्यांना स्वतःच्या गावात पाऊल ठेवायला बंदी झाली, अशा माणसांविषयी आज आम्हांला बोलायचे आहे.

त्यासाठी राजांच्या पहिल्या ग्रंथाचा एकविसावा अध्याय उघडू या. नाबोथाची गोष्ट आपल्या निफाड तालुक्यात फार समजावून सांगावी लागत नाही. द्राक्षबाग उभी करायला किती वर्षे आणि किती कर्ज लागते, अवकाळीने घड फुटले की घरात कसे वातावरण असते, हे आपल्याला ठाऊक आहे. इज्रेल गावात नाबोथाचा मळा राजवाड्याला लागून होता. अहाब राजाला तिथे भाजीपाला लावायचा होता. राजाने जबरदस्ती केली नाही, हे नीट लक्षात घ्या. बदल्यात याहून चांगला मळा घे, नाहीतर रोख पैसे घे, असे तो म्हणाला. आजच्या भाषेत पॅकेज वाईट नव्हते. नाबोथाने नकार दिला, कारण ती वाडवडिलांची जमीन होती आणि इस्राएलात वतनाची जमीन विकणे म्हणजे देवाने सोपवलेली वस्तू विकणे. राजा घरी गेला, भिंतीकडे तोंड करून झोपला, जेवेना.

मग राणी ईजबेलीने सूत्रे हाती घेतली. तिने मारेकरी धाडले नाहीत, पत्रे धाडली. राजाच्या नावाने, राजाची मुद्रा उमटवून, इज्रेलच्या वडीलधाऱ्यांना आणि प्रतिष्ठितांना. गावात उपवास जाहीर करा, लोकांना जमवा, नाबोथाला पुढे बसवा, त्याच्या समोर दोन माणसे बसवा आणि त्यांच्याकडून साक्ष द्या की याने देवाला आणि राजाला शाप दिला. तसेच झाले. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे देहान्त शिक्षेला दोन साक्षीदार लागतात. इथे दोन होते. सभा रीतसर भरली होती, आरोप सर्वांसमक्ष ठेवला गेला होता. नाबोथाला गावाबाहेर नेऊन दगडांनी मारले आणि राजा मळ्याचा ताबा घ्यायला निघाला.

आम्ही हा अध्याय अनेकदा वाचला आहे. प्रत्येक वेळी एक गोष्ट डोळ्यांत भरते. नाबोथावरच्या आरोपात मळ्याचा उल्लेख नाही. भांडण मळ्याचे होते, खटला शापाचा चालला. त्या सभेत कुणालाही असे विचारता आले नाही की राजाला हा मळा हवा होता हे खरे ना, आणि याने नाही म्हटले हे खरे ना? तो प्रश्न त्या खटल्याच्या कागदात बसतच नव्हता.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुका, दाभोळची खाडी. १९९२ साली एन्रॉन या अमेरिकी कंपनीचा आणि राज्य वीज मंडळाचा करार झाला आणि अंजनवेल, वेलदूर, रानवी या गावांच्या शेजारी नाफ्था व वायूवर चालणारा प्रचंड वीजप्रकल्प उभा राहू लागला. आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना तो काळ आठवत असेल. निवडणुकीत हा प्रकल्प समुद्रात बुडवण्याची भाषा झाली, ऑगस्ट १९९५ मध्ये करार रद्द झाला आणि जानेवारी १९९६ मध्ये नव्या अटींवर पुन्हा जिवंत झाला. गावकरी मात्र होते तिथेच होते. त्यांचे म्हणणे साधे होते: खाडीत गरम पाणी आणि रसायने आली तर मासळीचे काय, विहिरींचे काय, आंब्याचे काय?

पुढे जे झाले ते ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने १९९७ साली आणि ह्यूमन राइट्स वॉचने १९९९ साली आपापल्या अहवालांत नोंदवले आहे. गावांत जमावबंदी लागली. मोर्चे निघाले की अटका होत. माजी न्यायमूर्ती बी. जी. कोळसे पाटील आणि मेधा पाटकर यांनाही अटक झाली. ३ जून १९९७ रोजी पहाटे राज्य राखीव पोलीस वेलदूरच्या कोळीवाड्यात शिरले, दारे मोडली, बायकांना घरातून ओढून काढले. २६ स्त्रिया आणि १३ पुरुष अटकेत गेले. स्त्रियांची संख्या दुप्पट होती, कारण त्या आंदोलनाचा कणाच कोळिणी होत्या. बंदोबस्ताला असलेल्या पोलिसांचा खर्च कंपनी सरकारकडे भरत होती, हेही ह्यूमन राइट्स वॉचच्या अहवालात आहे. या बायकांवरचे आरोप काय होते? बेकायदा जमाव, मनाई आदेशाचा भंग, सरकारी कामात अडथळा, याच धर्तीचे. खाडीचा उल्लेख कुठल्याच कलमात नव्हता.

त्या कंपनीचे पुढे काय झाले हेही सांगितले पाहिजे. वीज इतकी महाग पडली की मंडळाला ती परवडेना. मे २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. डिसेंबर २००१ मध्ये अमेरिकेत कंपनीचेच दिवाळे निघाले आणि २००६ साली तिचे दोन सर्वोच्च अधिकारी फसवणुकीच्या गुन्ह्यात ह्यूस्टनच्या न्यायालयात दोषी ठरले. वेलदूरच्या कोळिणी ज्या हिशेबाला शंका घेत होत्या तो हिशेब खरोखरच खोटा निघाला. पण म्हणून कुणी वेलदूरला जाऊन त्यांची माफी मागितल्याचे आमच्या वाचनात नाही.

याच जिल्ह्यात, दोनशे किलोमीटरही दक्षिणेला नसलेल्या राजापूर तालुक्यात, पंचवीस वर्षांनी तेच पुन्हा घडले. या वेळी तेलशुद्धीकरण प्रकल्प होता, वर्षाला ६ कोटी टन क्षमतेचा, तीन सरकारी तेल कंपन्यांचा आणि सौदी व अबुधाबीच्या कंपन्यांचा. आधी जागा नाणारची ठरली. तिथे विरोध झाला आणि मार्च २०१९ मध्ये भूसंपादनाची अधिसूचना मागे घेण्यात आली. मग जागा बारसूच्या सड्याची सुचवली गेली. ज्या सड्यावर हजारो वर्षांपूर्वीची कातळशिल्पे आहेत तोच हा सडा, आणि २०२२ पासून ती शिल्पे युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. २४ एप्रिल २०२३ रोजी माती परीक्षणासाठी यंत्रे आली तेव्हा शेकडो पोलीस तैनात होते. त्याआधीच काही कार्यकर्त्यांना अटक झाली होती आणि काहींना त्या गावांत येण्यास बंदी झाली होती. भर उन्हात बायका रस्त्यावर आडव्या झाल्या. शंभराहून अधिक लोकांना, त्यांत बहुसंख्य स्त्रियांना, ताब्यात घेतले. २८ एप्रिलला अश्रुधूर आणि लाठ्या चालल्या. त्याच वर्षी फेब्रुवारीत या प्रकल्पाविषयी लिहिणारे पत्रकार शशिकांत वारिशे यांच्या दुचाकीला गाडीने चिरडले, ७ फेब्रुवारीला त्यांचा मृत्यू झाला आणि त्या प्रकरणी खुनाचा गुन्हा नोंदवला गेला.

इथे कुणी म्हणेल, फादर, तुम्ही रिफायनरीच्या विरोधात प्रचार करता का? नाही. राजापूर तालुक्यातच जमीन द्यायला तयार असलेली माणसेही होती, रोजगार हवा असलेली तरुण मुलेही होती, आणि त्यांना लबाड म्हणण्याचा अधिकार आम्हांला नाही. आपल्या घरचा हिशेबही आपण विसरू नये. रात्री आपण कांद्याला पाणी भरतो ती वीज एकलहऱ्याला आणि दूर विदर्भात कोळसा जाळून येते. ट्रॅक्टरचे डिझेल कुठल्या तरी किनाऱ्यावरच्या रिफायनरीतूनच येते, आणि त्या किनाऱ्यावरही कुणाची तरी वाडी होती. उलट, म्हणूनच आपल्याला गप्प बसता येत नाही. आपला पंप ज्याच्या जमिनीवर चालतो त्याने नाही म्हटल्यावर त्याचे काय केले जाते, एवढे तरी आपल्याला ठाऊक असायला हवे.

काय केले जाते? बहुतेक वेळा मोठी शिक्षा होत नाही. तुरुंगात वर्षानुवर्षे कुणी खितपत पडत नाही. जे होते ते कागदाने होते आणि हळूहळू होते. पूर्वीच्या फौजदारी संहितेत कलम १४४ होते. १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते १६३ झाले, पण जमावबंदी तीच. कलम १५१ चे १७० झाले, प्रतिबंधात्मक अटक तीच. मग चॅप्टर केस: तहसीलदारापुढे उभे राहून चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र लिहून द्यायचे, जामीनदार आणायचा. मग सरकारी कामात अडथळा आणल्याचा खटला, ज्यात तारखेला जायचे, साहेब रजेवर असले की परत यायचे, मजुरी बुडवायची, वकिलाची फी भरायची. पाच वर्षांनी निर्दोष सुटला तरी पाच वर्षे गेलीच. आणि तोवर न्यायालयात खटला प्रलंबित असल्यामुळे पासपोर्ट हवा तर त्या न्यायालयाची परवानगी आणा, नोकरीसाठी पोलीस पडताळणीत शेरा पडतो, सोयरिकीला आलेले लोक विचारतात की मुलावर केस आहे म्हणे.

आणि तडीपारी. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चा, त्याप्रमाणे माणसाला दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर घालवता येते. हे हत्यार गुंडांसाठी घडवले, ज्यांच्या दहशतीमुळे साक्षीदार पुढे येत नाहीत अशांसाठी. जालना जिल्ह्यातील एका प्रकरणात २८ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की तडीपारी हा असाधारण उपाय आहे, त्याने माणसाचा देशात कुठेही फिरण्याचा मूलभूत हक्क हिरावला जातो, म्हणून तो क्वचितच आणि सबळ कारण नोंदवूनच वापरावा. तरीही जमिनीच्या आणि पाण्याच्या आंदोलनांत पुढे असलेल्यांच्या हाती या नोटिसा येत राहतात. नाबोथाला गावाबाहेर नेले ही ओळ आम्ही वाचतो तेव्हा आम्हांला हेच आठवते. ज्याचे भांडणच गावात राहण्याचे आहे, त्याला गावाबाहेर काढणे.

नव्या करारातही याची एक गोष्ट आहे. प्रेषितांची कृत्ये, सोळावा अध्याय. फिलिप्पै शहरात एका गुलाम मुलीच्या अंगात भविष्य सांगणारा आत्मा होता आणि तिचे मालक तिच्यावर भरपूर कमावत होते. पौलाने तिला मोकळे केले. मालकांचा धंदा बसला. त्यांनी पौलाला आणि सीलाला धरून अधिकाऱ्यांपुढे नेले. तक्रार काय केली? धंदा बुडाल्याची मुळीच नाही. हे परके लोक शहराची शांतता बिघडवतात, आपल्या रोमी चालीरीतींविरुद्ध शिकवतात, अशी तक्रार केली. पुन्हा मळा कागदाबाहेरच राहिला. चौकशी न करता दोघांना फटके मारले, कोठडीत टाकले, पाय खोड्यात घातले.

रात्री भूकंप झाला, दारे उघडली, तुरुंगाधिकारी बाप्तिस्मा घेऊन मोकळा झाला, हे आपण दरवर्षी पास्काकाळात ऐकतो. सकाळची गोष्ट मात्र आपल्या ध्यानात राहत नाही. सकाळी अधिकाऱ्यांनी शिपाई पाठवून निरोप दिला की त्या दोघांना सोडून द्या. प्रकरण मिटले, जा आता. आणि पौल जायला तयार होईना! आम्ही रोमी नागरिक असताना चौकशीविना सर्वांसमक्ष आम्हांला मारले आणि आता गुपचूप बाहेर काढता? ते काही चालायचे नाही; त्यांनी स्वतः यावे आणि आम्हांला बाहेर न्यावे, अशा अर्थाचे त्याचे उत्तर आहे. पौलाला सुटका हवीच होती. पण चुकीचे घडले हे घडवणाऱ्यांच्या तोंडून निघाल्याशिवाय ती त्याला नको होती.

ही अडचण आपल्याकडेही आहे. नोव्हेंबर २०१९ च्या अखेरीस राज्यात नवे सरकार आले आणि डिसेंबरमध्ये नाणारच्या आंदोलकांवरचे गुन्हे मागे घेण्याचे जाहीर झाले. लोकांना बरे वाटले असणार, आणि का वाटू नये? तरी विचार करा. गुन्हा मागे घेतला म्हणजे तो चुकीने दाखल झाला होता असे कुणी म्हणत नाही. सरकार प्रसन्न झाले म्हणून मागे घेतला. उद्याचे सरकार अप्रसन्न असेल. मालक खूश असला तर दार उघडते, याला न्याय म्हणायला आमचे मन धजत नाही. चार वर्षांच्या आत त्याच तालुक्यात त्याच विषयावर पुन्हा गुन्हे दाखल झालेच.

दूर आफ्रिकेतली एक गोष्ट यासाठीच सांगतो. नायजेरियात नायजर नदीच्या मुखाशी ओगोनी नावाचा समाज आहे. तिथे १९५८ पासून शेल कंपनी तेल काढत होती. शेतांत तेल, ओढ्यांत तेल, रात्रंदिवस जळणारा वायू. केन सारो-विवा या लेखकाने आपल्या लोकांना संघटित केले आणि ४ जानेवारी १९९३ रोजी सुमारे तीन लाख ओगोनी शांतपणे रस्त्यावर उतरले. पुढच्या वर्षी मे महिन्यात एका जमावाने चार ओगोनी पुढाऱ्यांचा खून केला. त्या दिवशी सारो-विवा यांना तिथे जायलाच सैन्याने मज्जाव केला होता. तरी चिथावणीचा आरोप त्यांच्यावर आला. लष्करी राजवटीने खास न्यायाधिकरण नेमले, ज्याच्यावर अपील नव्हते. सरकारी पक्षाच्या दोन साक्षीदारांनी नंतर प्रतिज्ञापत्रे केली की खोटी साक्ष देण्यासाठी आम्हांला लाच दिली गेली. दोन साक्षीदार! आम्ही हे प्रथम वाचले तेव्हा अंगावर काटा आला. १० नोव्हेंबर १९९५ रोजी सारो-विवा आणि आणखी आठ जणांना फाशी दिली. आरोप खुनाचा होता, तेलाचा कुठेच नव्हता.

कोठडीत असताना सारो-विवा मॅजेला मॅकॅरन या आयरिश धर्मभगिनीला पत्रे लिहीत. सैन्याच्या कोठडीतून ती पत्रे पावाच्या टोपल्यांतून बाहेर येत. अशी २८ पत्रे आज आयर्लंडमधील मेनूथच्या विद्यापीठात जपून ठेवली आहेत. सिस्टरांच्या हाती ना वकिली होती ना सत्ता. त्या पत्रे वाचत होत्या आणि उत्तरे लिहीत होत्या. जून २०२५ मध्ये नायजेरियाच्या राष्ट्राध्यक्षांनी या नऊ जणांना मरणोत्तर माफी दिली. तेव्हा त्यांच्या बाजूच्या अनेकांनी हरकत घेतली की माफी गुन्हेगाराला देतात, यांचा गुन्हा कोणता? पौलाचीच हरकत ती.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना संत थॉमस अक्वायनस यांचे कायद्यावरचे विवेचन आम्हांला पाठ करावे लागे. त्यांच्या मते कायदा म्हणजे विवेकाने केलेली, सर्वांच्या हितासाठीची, अधिकार असलेल्याने जाहीर केलेली व्यवस्था. सत्ताधाऱ्याच्या स्वतःच्या लोभासाठी ओझे लादले, अधिकार नसताना लादले, किंवा सर्वांच्या हिताचे असले तरी ते असमान वाटले, तर तो कायदा अन्यायाचा होतो आणि सदसद्विवेकाला बांधत नाही. तिसऱ्या प्रकाराकडे बघा. वीज सगळ्यांची, तेल सगळ्यांचे, ओझे मात्र वेलदूरच्या खाडीवर आणि बारसूच्या सड्यावर. पण संत थॉमस तेवढ्यावर थांबत नाहीत. अशा कायद्यालाही गोंधळ आणि दुष्परिणाम टाळण्यासाठी कधी कधी मान तुकवावी लागते, असे ते पुढे म्हणतात. हे दुसरे वाक्य आंदोलनाच्या सभेत कुणी उद्धृत करीत नाही, आणि पहिले पोलीस ठाण्यात कुणी उद्धृत करीत नाही.

दुसऱ्या वाक्याची परीक्षा इंग्लंडमध्ये चालू आहे. नवीन तेल व वायूचे परवाने देऊ नका, या मागणीसाठी ‘जस्ट स्टॉप ऑइल’ या गटाने नोव्हेंबर २०२२ मध्ये लंडनभोवतीच्या महामार्गावरील कमानींवर चढून चार दिवस वाहतूक खोळंबवली. बेत आखणाऱ्या पाच जणांना १८ जुलै २०२४ रोजी शिक्षा झाल्या, एकाला पाच वर्षे आणि चौघांना चार-चार वर्षे. हवामानाचे संकट हा या आरोपावरचा बचाव होऊ शकत नाही, असे न्यायाधीशांनी आधीच ठरवले होते. मार्च २०२५ मध्ये अपिलात शिक्षा थोड्या कमी झाल्या. इथे खोटे साक्षीदार नव्हते. त्यांनी रस्ता अडवलाच होता आणि अडकलेल्यांत दवाखान्यात निघालेली माणसेही असणार. रस्ता अडवणाऱ्याला काहीच शिक्षा होऊ नये असे आम्ही म्हणणार नाही. पण माणूस रस्त्यावर का आला हे ऐकायचेच नाही, आणि शिक्षा मात्र वर्षांत मोजायची, यात कुठेतरी तोल गेला आहे असे आम्हांला वाटते. पोप फ्रान्सिस यांनी २०२३ च्या ‘लाउदाते देउम’ या पत्रात अतिरेकी म्हणून हिणवल्या जाणाऱ्या अशा गटांविषयी लिहिताना बोट समाजाकडेच दाखवले आहे: सगळ्या समाजाने जो दबाव आणायचा तो न आणल्यामुळे रिकामी राहिलेली जागा हे लोक भरतात.

आपल्या शेजारच्या गोव्यात ही जागा १ नोव्हेंबर २०२० च्या रात्री, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी, चांदरच्या लोकांनी भरली. कोळशाची वाहतूक वाढवण्यासाठी रेल्वेमार्ग दुपदरी होतो आहे, अशी त्यांची तक्रार होती. हजारो लोक रात्रभर रुळांपाशी बसले. त्यांच्यातल्या काहींवर गुन्हे दाखल झाले. ९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम घाटातून जाणाऱ्या त्या दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी रद्द केली. म्हणजे एका न्यायालयात त्यांचे म्हणणे ऐकले गेले, पण त्याच म्हणण्यापायी रात्री रुळांवर बसलेली माणसे दुसऱ्या न्यायालयात आरोपी.

फादर स्टॅन स्वामी यांचे नाव इथे घेतले नाही तर आपण विचाराल. त्यांच्यावरचा आरोप वेगळ्या प्रकरणाचा होता, तो या विषयात मिसळणे बरोबर नाही. झारखंडच्या आदिवासींच्या जमिनींसाठी आयुष्य घालवलेला हा येशूसंघी धर्मगुरू ८ ऑक्टोबर २०२० रोजी वयाच्या ८३ व्या वर्षी अटकेत गेला आणि ५ जुलै २०२१ रोजी मुंबईत, वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात, कच्चा कैदी म्हणून वारला. खटला उभाच राहिला नाही. दोषी नाही, निर्दोषही नाही.

बंधुभगिनींनो, नाबोथाच्या गोष्टीत राजा आहे, राणी आहे, दोन खोटे साक्षीदार आहेत. त्यांच्याविषयी अनेक प्रवचने झाली आहेत. आम्हांला अधिक अस्वस्थ करतात ते इज्रेलचे वडीलधारे. त्यांना नाबोथ लहानपणापासून ठाऊक होता. ते त्याच्या लग्नाला गेले असतील, त्याच्या मळ्यातली द्राक्षे त्यांनी खाल्ली असतील. पत्र आले, मुद्रा बघितली, सभा भरवली. एकानेही उठून विचारले नाही की हा माणूस असे बोलला हे तुम्ही कधी ऐकले. पवित्र शास्त्र त्यांच्यापैकी कुणाचे नावही सांगत नाही. त्यांना मळ्यातला एक वेल मिळाल्याचेही लिहिलेले नाही. ते फक्त भ्याले होते.

आपल्या भागाला हे परके नाही. नोव्हेंबर १९८० च्या कांदा आंदोलनात याच निफाड तालुक्यात खेरवाडीला पोलिसांच्या गोळीबारात दोन शेतकरी गेले. त्यानंतरही किती वेळा कांद्याच्या भावासाठी, निर्यातबंदीविरुद्ध, आपली मुले महामार्गावर बसली. डिसेंबर २०२३ मध्ये चांदवडला बसली होती. त्यांतल्या काहींच्या हाती कागद आले. आणि मग धर्मगुरूंच्या दारी आईवडील येतात: फादर, त्याला समजवा, असल्या नादी लागू नको म्हणा. आईवडिलांची काळजी आम्ही समजतो. पण शेजारी त्याच मुलाला ‘केस असलेला’ म्हणू लागतात, मंडळाच्या समितीत त्याचे नाव आले की कुजबुज होते, सोयरीक परत जाते, तेव्हा इज्रेलची सभा पुन्हा भरलेली असते, आणि या वेळी तिला राणीच्या पत्राचीही गरज लागत नाही. त्याच्यावर काय आरोप आहे हे सगळ्यांना माहीत असते. तो तिथे का बसला होता हे कुणी विचारत नाही.

कायद्याची दुसरी बाजूही आपल्याला ठाऊक असू द्या, कारण पौलानेही आपले रोमी नागरिकत्व योग्य वेळी बाहेर काढले होते. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. अपवादात्मक कारण असेल तर महिला अधिकाऱ्याने दंडाधिकाऱ्याची आधी परवानगी घ्यावी लागते. हा नियम २००५ च्या दुरुस्तीने आला, वेलदूरच्या बायकांना तो मिळाला नाही. तडीपारीच्या आदेशाआधी नोटीस देऊन म्हणणे ऐकून घ्यावेच लागते आणि आदेशाविरुद्ध ३० दिवसांत सरकारकडे अपील करता येते. स्त्रिया, अनुसूचित जाती व जमातीची माणसे आणि कोठडीत असलेले, यांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिला आहे. निफाडच्या कोर्टात अर्ज करून तो मागता येतो. लाजण्याचे कारण नाही.

आजच्या मिस्सेत भाविकांच्या प्रार्थनेत आम्ही एक विनंती घातली आहे: जमिनीसाठी, पाण्यासाठी आणि हवेसाठी उभे राहिल्यामुळे ज्यांच्या तारखा चालू आहेत त्यांच्यासाठी, आणि त्यांना समन्स बजावणाऱ्या पोलिसांसाठीही, कारण त्यांतले अनेक जण शेतकऱ्यांचीच मुले आहेत. पुढच्या रविवारी मिस्सेनंतर एक वकीलभगिनी तासभर धर्मगुरुनिवासात बसणार आहेत. ज्यांच्या घरी अशी नोटीस, समन्स किंवा बंधपत्राचा कागद आहे, मग तो कितीही जुना असो, त्यांनी तो घेऊन यावे. मूळ कागदासोबत एक झेरॉक्स आणावी. नावे कुणालाही सांगितली जाणार नाहीत. आणि जे मिस्सेला येत नाहीत, आपल्या धर्माचे नाहीत, पण ज्यांच्याकडे असा कागद आहे हे आपल्याला ठाऊक आहे, त्यांनाही सोबत घेऊन या.